पारासमोरची जीप

डॉक्टर मॅडम यांस,

पेरणीपासून आमच्या ह्यांची झोप गेली, बोलणं थांबलं. फवारणीचं औषध मी गुपचूप माहेरी नेऊन ठेवलंय.

बुधवारी तुमची जीप आली ती नेमकी पारासमोर थांबली. वर मोठा फलक होता, ‘मानसिक आरोग्य तपासणी’. बरंच समजावल्यावर हे जीपपर्यंत गेले, तर पारावरून किशनरावआबा ओरडले, “काय रे शिवम, डोकं फिरलंय का?” सगळे हसले. हेही हसले. “न्हाई आबा, बीपी दाखवायलो,” म्हणाले आणि माघारी आले.

हे पत्र टाकणार नाही. तुमचं टपाल आमच्याच गावचा शिपाई उघडतो. येत्या बुधवारी आधी मीच जीपमध्ये चढते. आबांना मला वेडी म्हणू दे. बायकोच्या सोबतीला म्हणून तरी हे आत येतील.

बुधवारपर्यंत जागी,
तनुजा