भिंतीपलीकडचा गजर

बेवारस सामान सांभाळणाऱ्या साहेबांना,

नमस्कार वगैरे राहू द्या. शेजारचे मास्तर गेले, तेव्हा तुम्ही आलात, त्यांच्या खोलीला कुलूप लावलंत, सील ठोकलंत आणि चालते झालात. आत त्यांचं गजराचं घड्याळ तसंच राहिलं. रोज पहाटे ते भिंतीपलीकडे ठणाणा करायचं. "नुसतं घड्याळ बंद करा हो," म्हणत मी तुमच्या ऑफिसात खेटे घातले. तुमचा कारकून म्हणाला, "वारसाशिवाय सील तोडता येत नाही, बाई. तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारीण."

"मग कानात बोळे घाला."

मास्तरांना मूलबाळ नाही. वारस काय झाडाला लागतात?

आज गजर वाजलाच नाही. सेल संपला असणार. सुटले एकदाची, म्हणून मी कूस बदलली आणि बेकरीत उशिरा पोचले. मालकाने सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मास्तर होते तोवर रोज पहाटे भिंतीवर टकटक करायचे. "ऊठ गं पोरी, भट्टी वाट बघतेय!" मला वाटायचं, म्हाताऱ्याला झोप लागत नाही. पण पेन्शनीत निघालेल्या माणसाला इतक्या पहाटेचा गजर कशाला हवा होता?

तुम्ही याचाही पुरावा मागाल, म्हणून हे पत्र धाडत नाही. बाकीच्या सामानाचं काय वाटेल ते करा. ते घड्याळ मात्र बेवारस नाही.

भिंतीच्या अलीकडची