वकिलांच्या मालिकेचे पाच सेट आणि दादाचं घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ तो मानणार नाही, पण तो मलाही कधी मानत आलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

कलम १. माझी माणसं.

माझा थोरला भाऊ, यापुढे 'दादा', हा जन्मापासून बहिरा आहे आणि तोंडाने बोलत नाही. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात त्याची हयात गेली. वाचतो उत्तम. बोलतो हातांनी, आणि ती भाषा कुठल्या शाळेतली नाही, आमच्याच घरात लहानपणी तयार झालेली आहे. ती येणारी माणसं जगात दोनच उरली आहेत असं मी हे लिहायला बसले तोवर समजत होते: एक मी आणि दुसरी आमची भाची-पुतणी जे काय म्हणाल ती एकुलती एक पोर, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. तिचं घरातलं नाव भिंगरी. दादा तिला हाक मारायची झाली तर हवेत बोट गरागरा फिरवतो. ती नोकरीनिमित्त दूर राहते. धाकटा भाऊ, यापुढे 'धाकटा', याच शहरात राहतो, त्याला स्वतःचं घर आहे आणि मतंही आहेत.

कलम २. राहतं घर.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा माझ्या पगारातून घेतला आहे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात दादाने इथे शेवटपर्यंत राहावं. त्याच्यानंतर घर भिंगरीचं. दादा हयात असेपर्यंत घर विकता, भाड्याने देता किंवा गहाण टाकता येणार नाही.

हे इतकं बजावून लिहायला कारण आहे. धाकट्याने गावाबाहेरची एक संस्था बघून ठेवली आहे. तो मला म्हणाला, "ताई, तुझ्यानंतर त्याच्याशी बोलणार कोण? तिथे निदान त्याच्यासारखे चार जण असतील." मी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि नंतर आठवडाभर फोन घेतला नाही. तिथले चार जण दादासारखे नाहीत. ते शाळेतल्या खुणांनी बोलतात, दादाच्या खुणा त्यांना कळणार नाहीत. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि त्याने माझ्या जिवाला घोर लावला आहे. घर मी दादाला देऊ शकते. त्याचं बोलणं समजणारं माणूस कुठल्या कलमात बसवायचं ते मला माहीत नाही.

कलम ३. किरकोळ.

बँकेतली ठेव दादाच्या खर्चासाठी. व्यवहार भिंगरीने बघावा. शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना. शिडी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना. ती तशीही त्यांच्याकडेच आहे आणि परत यायची लक्षणं नाहीत.

कलम ४. वकिलांच्या मालिकेचे सेट.

काचेच्या कपाटात डीव्हीडीचे पाच सेट आहेत. ही एका विक्षिप्त वकिली ऑफिसची मालिका. तिच्यात एक न्यायाधीशबाई खटला चालू असताना विणकाम करतात. एक वकील लिफ्टला घाबरतो, नऊ मजले चढून येतो आणि अर्धा युक्तिवाद धापा टाकण्यात घालवतो. ती टीव्हीवर लागायची तेव्हा मी संध्याकाळच्या पाळीला असायची, कानाला हेडसेट आणि समोर दिव्यांची रांग. दादा घरी एकटा बघायचा. सकाळी चहाबरोबर तो मला सगळा भाग हातांनी सांगायचा.

काय सांगायचा म्हणून सांगू. न्यायाधीशबाई विणतात तो स्वेटर आरोपीच्या मुलासाठी असतो, आणि निकाल कठोर द्यायचा असेल तेव्हा त्यांच्या सुया जोरात चालतात. वकील जिन्याने येतो कारण सहाव्या मजल्यावर त्याचा रुसलेला बाप राहतो, आणि रोज त्या दारापुढे तो क्षणभर थांबतो. मी हे ऐकून रडले आहे. रात्री जेवणाच्या सुट्टीत मी तेच एक्सचेंजमधल्या बायकांना सांगायची आणि त्याही डोळे पुसायच्या. आम्ही सगळ्या एकाच पाळीतल्या, मालिका कोणीच बघितलेली नाही. एकीची पाळी बदलली आणि ती म्हणाली, "तू कुठली मालिका बघतेस गं? असं काही नसतं त्यात." मी तिच्याशी कडाकडा भांडले आणि बोलणं टाकलं.

मग कितीतरी वर्षांनी पहिला सेट बाजारात आला, आणि त्यात सबटायटल होती. टीव्हीवर ती कधीच नव्हती. मी तो दादाच्या वाढदिवसाला आणला. आम्ही दोघं बसलो, अक्षरं पडद्यावर यायला लागली आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. न्यायाधीशबाईंनी सिगारेट सोडली होती म्हणून त्या विणत होत्या. वकिलाला बंद जागेची भीती होती. सहाव्या मजल्यावर बाप नव्हता, तिथे फोटोकॉपीचं दुकान होतं. इतकी वर्षं दादाने ओठ, खांदे, भुवया बघून सगळी गोष्ट स्वतः रचली होती, भागामागून भाग, आणि एकाही पात्राशी तो कधी विसंगत वागला नव्हता.

मला वाटलं, त्याला लाज वाटेल. मी त्याच्याकडे बघायलाही घाबरले. त्याने रिमोट घेतला, चित्र थांबवलं, आणि माझ्याकडे वळून हातांनी म्हणाला, "हे खाली लिहिणाऱ्याला गोष्ट कळलेली नाही." मग त्याने सबटायटल बंद करायचं बटण शोधलं आणि तोच भाग पहिल्यापासून लावला. त्या दिवशी मला माझ्या भावाची पहिल्यांदा ओळख झाली. मी जन्मभर कानांवर पोट भरलं, हजारो लोकांचं बोलणं माझ्या बोटांखालून गेलं, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत हा माणूस शांतपणे एक अख्खं जग चालवत होता. मला अजूनही त्याचं नवल वाटतं, आणि ते ओसरलेलं नाही.

पुढचे सेट सावकाश आले. तिसरा तर येईच ना. त्यातल्या गाण्यांचे हक्क मिळत नव्हते म्हणे. शेवटी आला तो मूळ गाणी काढून, भलतीच घालून. लोकांनी बोंबाबोंब केली, दुकानदार म्हणाला घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. घरी आणल्यावर मी दादाला हा सगळा प्रकार सांगितला. तो पोट धरून हसला. सगळ्या गिऱ्हाइकांत न फसलेलं गिऱ्हाईक तो एकटाच.

कलम ५. जुनं भांडण.

एक्सचेंजमधली पाळी बदललेली मैत्रीण अजून आहे, तिला माझं मनगटी घड्याळ द्यावं. तिचं बरोबर होतं. पण दादाची मालिका जास्त चांगली होती, म्हणून माफी अर्धीच मागते.

कलम ६. सेट कोणाला.

हे कलम मी परवा असं लिहिलं होतं: सेट भिंगरीला, आणि धाकट्याला काहीही नाही, घराची वीटही नाही, डिस्कचं रिकामं कव्हरही नाही. ते मी आता रद्द करत आहे. कारण लिहून ठेवते.

कच्चा मसुदा मी दादाला वाचायला दिला. त्याने चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचला आणि या कलमावर बोट ठेवून मान हलवली. म्हणाला, मागच्या रविवारी धाकटा आला होता आणि मी औषधं आणायला गेले होते, तेव्हा दादाने शेवटच्या सेटमधला शेवटचा भाग लावला होता, सबटायटल बंद करून. ऑफिस बंद होतं आणि वकील दारावरची पाटी उतरवतो तो भाग. धाकटा मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता. दादा आपला सांगत होता, स्वतःशीच. आणि एकदम धाकट्याचा हात वर आला आणि गालावर दोन बोटं आपटली. आमच्या घरात त्याचा अर्थ 'थापा मारू नकोस'. ती खूण धाकट्यानेच तयार केली होती, शाळेत जायच्याही आधी. मग मी बेल वाजवेपर्यंत दोघं हातांनी भांडत होते, आणि बेल वाजल्यावर धाकट्याने हात खिशात घातले.

मी म्हटलं, त्याने तर मित्र हसले म्हणून ते सगळं दहाव्या वर्षीच सोडलं. दादा म्हणाला, "सोडलं नाही. लाजतो. त्याला सगळं येतं."

माझा विश्वास बसेना. मी धाकट्याला फोन लावला आणि सरळ विचारलं. मग तो म्हणाला, "ताई, दादा म्हणतो, तो वकील पाटी रंगवायला नेतोय. अगं, तो कायमचा चाललाय, चेहरा बघ ना त्याचा. मी येतो रविवारी. मीच सांगतो त्याला."

म्हणून पाचही सेट, प्लेअर आणि टीव्ही मी धाकट्याला देत आहे. अट एकच: यातलं काहीही या घराबाहेर न्यायचं नाही. बघायचं असेल तर इथे यावं, दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसावं, आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. ही शिक्षा नाही. माझी खुर्ची आहे ती.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही आणि त्यांच्यासमोर मी सही केली आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२२, बुधवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई

याखाली तिसरी सही दादाची आहे. ती साक्षीदार म्हणून नाही, कायद्याने तशी चालत नाही हे त्याला सांगून झालं. तो म्हणाला, वाचलं आहे म्हणून करतो, आणि कलम ४ मध्ये बापाचा मजला सहावा नाही, सातवा आहे.