मेंढरांवाचून कोकण

आबा,

तुमच्यासमोर मी कधी बसून बोललो नाही. तुम्ही बाजेवर आणि मी दाराला टेकून उभा, असंच आपलं बोलणं व्हायचं, आणि तेही उसाच्या पाण्याचं नाहीतर माझ्या ड्यूटीचं. आज शिरूरच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ खुर्ची ओढून बसलोय. बायको माहेरी गेलीय, कुकर लावायचाय, पण उठवत नाही. माझी चाळिशी उलटली. गेले काही दिवस तुम्ही कोकणात चालत गेलात ती वाट सारखी डोळ्यांपुढं येते. तिथं जे झालं त्यावर आपण दोघं पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही. तुम्हाला सगळं ठाऊक असलं तरी मी पहिल्यापासून सांगतो.

त्या वर्षी दसरा झाल्यावर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "औंदा मी कोकनात जाऊन येनार हाय. चालत." आईला वाटलं कुणाचं लग्नकार्य असेल. तुम्ही म्हणालात, "आपला वाडा ज्या वाटनं जायचा त्याच वाटनं," तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला. आपला वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन, मेंढरांमागं दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की माघारी देशावर यायचं, तो वाडा. भात कापून झालेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्या बदल्यात भात आपल्याला. मी हे फक्त ऐकलंय. माझ्या जन्माआधीच कालव्याला पाणी आलं, पाटसजवळच्या आपल्या माळावर ऊस उभा राहिला, तुम्ही मेंढरं विकली आणि साखर कारखान्यावर सीझनचे कामगार झालात. पण तुमचा स्वतःचा जन्म त्या वाटेवरचा होता. आजीनं तुम्हाला कोकणातल्या एका खाचरात जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी वाडा पुढं हलला, ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की लहानपणी मला ते खाचर मी पाहिल्यासारखंच वाटायचं.

"म्हातारचळ लागलाय का तुमाला?" आई म्हणाली. "मेंढरं न्हाईत, घोडं न्हाई. मोकळ्या हातानं जाऊन करनार काय?"

"बघनार."

"काय बघनार?"

"पन्नाशी आली गं. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत जाऊन येतो. एकदा त्या खाचरात हुबं ऱ्हायचंय. बाकी काय नगं मला."

स्टँडवरच्या हॉटेलात लोक तुम्हाला हसले. "आबा, मेंढरं न्हाईत, मंग आता सोताच चरत जानार का?" तुम्हीही हसलात. हसले नाहीत ते एकटे चाचा. दौंडला स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वाडा देशावर असेल तेवढे महिने, चौथीपर्यंत, तुमच्याच बाकावर बसलेले. ते म्हणाले, "मी बी येतो. तुजं खाचर बघू, आन् तसंच खाली जाऊन समिंदर बघू. जलमभर लोकांच्या सायकली नीट करून दिल्या यार. लोक फिरले, मी तितंच." मुंबईकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज त्या दुकानात दिवसभर यायचा. चाचांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांना साखरेचा आजार होता, पण तो त्यांनी चेष्टेवारी नेला. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जा रं त्यांच्यासंगं. ह्या दोघांचं काय खरं न्हाई." मी तेव्हा कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत नुकताच पर्मनंट झालो होतो. रजा टाकली आणि निघालो.

त्या वाटेवर मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. पाटसहून यवतपर्यंत हायवेच होता. ट्रक अंगावरून जात होते, एका ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "कहाँ जाना है, काका?" तुम्ही म्हणालात, "कोकन," आणि तो हसत निघून गेला. यवतला ढाब्यावर चहा प्यालो आणि भुलेश्वरच्या घाटाकडं वळलो, तिथून तुमची चालच बदलली. काठी मानेमागं आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले, पाऊल लांब. घरात ती जन्माची गोष्ट सोडली तर दोन वाक्यं सलग न बोलणारे तुम्ही बोलतच होता. इथं आमचा तळ पडायचा. इथं लांडग्यानं कोकरू नेलं. इथं माझ्या बापानं मला पहिल्यांदा कोकरू खांद्यावर दिलं. तुम्ही दाखवाल तिथं कुठं पेट्रोल पंप होता, कुठं प्लॉटिंगचे दगड रोवलेले, पण तुम्हाला ते दिसतच नव्हते. सासवडच्या पुढं एका विहिरीवर आपण थांबलो आणि तुम्ही तीन दगड मांडून पिठलं केलं. तुम्हाला स्वयंपाक येतो हे मला तेव्हा कळलं. चाचा म्हणाले, "वैनीला सांगतो मी हे. उद्यापासनं चुलीम्होरं तूच." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. तो चेहरा मी त्यानंतर पाहिला नाही, म्हणून तो अजून जपून ठेवलाय.

चाचा मागं पडू लागले ते भोरच्या अलीकडं. या वाटेसाठी म्हणून त्यांनी नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. टाचेला फोड आला, फुटला, तर त्यांनी दुकानातून आणलेली ट्यूबची पट्टी त्यावर आवळून बांधली. आपण विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई, पंक्चर हाय. काढलंय." आपण हसायचो. त्यांना तिथं दुखत नव्हतं, आबा. त्या आजारात पायाला कळतच नाही, हे डॉक्टरांनी आपल्याला नंतर सांगितलं. वरंधा घाट उतरताना ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होते आणि तुम्ही बरेच पुढं. वळणावर तुम्ही थांबायचात, पण आमच्यासाठी नाही. खाली दरीत हिरवं दिसायचं तिकडं बघत.

महाडच्या अलीकडचं ते गाव तुम्ही कुणाला न विचारता शोधलंत. ओढा, चिंच, मग उतरत्या छपराचं घर. ओटीवर तुमच्याच वयाचा माणूस पेपर वाचत बसला होता. तुम्ही पायरीखाली उभे राहिलात, चपला काढल्यात, आणि आजोबांचं नाव सांगितलंत. तुमची आई, तुमचा जन्म, दरवर्षीचा तळ, लहानपणी तुम्ही दोघं ओढ्यात खेकडे धरायचात ते. तो माणूस ऐकत होता. वाईट नव्हता तो. आठवायचा प्रयत्न करत होता हे दिसत होतं. मग त्यानं तुमच्या मागं रस्त्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मेंढ्या कुठे आहेत?"

"न्हाईत आता. इकल्या कवाच."

"मग कशासाठी आलात?"

त्यानं टोमणा मारला नव्हता. साधं विचारलं होतं. घरातून चहा आला. तो म्हणाला, आता मेंढ्या कोणी बसवत नाही, युरियाची गोणी टाकतो, आणि खालची खाचरं तर तशीच पडलीत, मुलं मुंबईला. तुम्ही विचारलंत, "बघून येऊ का?" तो म्हणाला, "बघा की. काही नाही तिथे."

चाचा ओटीच्या पायरीवर बसून राहिले. आपण दोघं खाली गेलो. बांध फुटलेले, गवत कमरेइतकं, कडेला करवंदीची जाळी. तुम्ही मधोमध जाऊन उभे राहिलात. मी बांधावर. मला वाटलं तुम्ही रडाल, माती कपाळाला लावाल, काहीतरी कराल, आणि मी संकोचून दुसरीकडं बघू लागलो. पुन्हा पाहिलं तर तुम्ही तसेच उभे, हात लोंबते, शेजारचं खाचर बघितलंत, पलीकडचं बघितलंत. जणू हे नसेल, ते असेल. मग माझ्याकडं आलात. तुमचा चेहरा रिकामा होता.

"मला वाटलं व्हतं, काय तरी हुईल," तुम्ही म्हणालात. "काय बी न्हाई झालं रं. नुसतं गवात."

मी म्हणालो, "आबा, थोडा वेळ बसूया."

"नगं. चला माघारी."

तिथून समुद्र एसटीनं अर्ध्या दिवसावर होता. ओटीवर परत आल्यावर मी तसं म्हणालोही. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. चाचांनी तुमच्याकडं पाहिलं, तुमचा चेहरा वाचला, आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे. समिंदर काय पळून चाललाय व्हय? फुडच्या साली जाऊ." आपण महाडच्या स्टँडवर आलो आणि पुण्याची गाडी धरली. तुम्ही खिडकीशी होता आणि घाट चढताना एकदाही बाहेर पाहिलं नाहीत. गाडीत वास येऊ लागला. पुढच्या बाईनं पदर नाकाला लावला. तेव्हा मी चाचांचा बूट काढला. ती ट्यूबची पट्टी मांसात रुतली होती.

पुण्यात दवाखान्यात आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. तुम्ही वॉर्डबाहेर जमिनीवर बसून होता. त्या वर्षी बॉयलर पेटला, पण तुम्ही कामावर गेला नाहीत. चाचा घरी आल्यावर तुम्ही रोज पाटसहून दौंडला जायला लागलात. ते स्टुलावर बसून पाना फिरवत आणि तुम्ही समोर उकिडवे बसून चाक धरून ठेवत. एकदा मी दुकानात आलो तेव्हा चाचा तुम्हाला म्हणत होते, "तू मला न्हेलं न्हाई, मी आलो. मर्जीनं आलो. किती येळा सांगू?" तुम्ही चाक धरून खाली बघत होता. दोन पावसाळ्यांनी चाचा गेले. समुद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मग वाटेला लागायची माझी पाळी आली. कंपनीतल्या तिघांनी मोटारसायकलवर पार हिमालयापर्यंत जायचं ठरवलं होतं आणि मीही नाव दिलं होतं. सेकंडहँड गाडी घेतली, पेट्रोलची टाकी रंगवून आणली. तुम्हाला दाखवायला अंगणात उभी केली. मला वाटलं, गाडीला हात लावून बघाल. तुम्ही म्हणालात, "कुठं जायचं न्हाई."

"का पण, आबा? संभाळून जातो की."

"संभाळून जाशील, पोचशील बी. पोचल्यावर काय करशील?" आणि मग, आवाज न चढवता, "जे बघायचं वाटतंय ते बघू नको. न बघितलेलं ऱ्हातं तरी."

मी गेलो नाही. ते तिघं गेले, आले, फोटो दाखवले. तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही अडवलं ते जीव तुटून अडवलं, हे त्याच क्षणी कळलं होतं. पण त्यानंतर कुठं जावंसं वाटलं, काही शिकावंसं वाटलं, की तुम्ही कमरेइतक्या गवतात उभे दिसायचात, आणि वाटणं तिथंच विझायचं. पुढं पुढं ते वाटायचंच बंद झालं. तुम्ही गेलात त्या दिवशी लोक म्हणाले, समाधानानं गेला, काही इच्छा राहिली नव्हती. मी तुमच्या पायाशी बसलो होतो. ते दुसरं वाक्य तेवढं खरं होतं.

परवा कंपनीनं चाळिशीच्या पुढच्या आम्हा लोकांना हॉलमध्ये बसवलं. पुण्याहून एक चांगले कपडे घातलेला माणूस आला होता. त्यानं एकेकाला उभं करून विचारलं, मरायच्या आधी काय करायचं राहिलंय? एकजण म्हणाला, विमानातून छत्री लावून उडी मारायचीय. सगळे हसले. स्टोअरमधला म्हणाला, पोहायला शिकायचंय. एकाला बर्फ बघायचा होता, एकाला तबला शिकायचा होता. बोलताना त्यांचे चेहरे पोरांसारखे झाले होते. माझा नंबर आला. मी उभा राहिलो. खरंच शोधलं, आबा, आत पार तळापर्यंत जाऊन शोधलं, आणि हाताला काही लागलं नाही. मग मी म्हणालो, "माझं सगळं करून झालंय, सर."

त्या माणसाला ते फार आवडलं. तो म्हणाला, हेच खरं समाधान, यांच्यासाठी टाळ्या. हॉलभर टाळ्या वाजल्या.

मीही वाजवल्या.