दारूची नळी

अक्रा, मंगळवार

सेन्योदादा, धाकट्याचा नमस्कार.

इथल्या प्रयोगशाळेतली नळ्यांची लाकडी घोडी, जंतू वाढवायची उबदार पेटी आणि सायकलच्या दिव्यावर नळीतला गढूळपणा मोजणारा डबा मी माझ्या हातांनी केला आहे. तेव्हा ‘मोजायला चुकला असशील’ हा निरोप मेहुण्याकरवी पुन्हा पाठवू नकोस.

दारूत मुळ्या मुरवून केलेल्या तुझ्या अर्काने हगवणीच्या जंतूंची वाढ शंभरावरून अडतीसवर आली. तुझा मेहुणा खुर्चीतून उठून नाचायलाच लागला. मी म्हटलं, ‘बसा. अजून दोन नळ्या आहेत.’ एकीत तेवढीच नुसती अक्पेतेशी, तुझ्याच भट्टीची दारू: एकोणचाळीस. दुसरीत तुझ्या मुळ्या उकळलेलं पाणी: अठ्ठ्याण्णव.

म्हणजे जंतू मारते ती दारू, तीही नळीत. पोटात ती पातळ होऊन जाते.

‘दारूची नळी अहवालाच्या कागदावर कशाला? कोणी विचारलंय?’ मेहुणा म्हणाला. मी विचारलंय, आणि तेरा वेळा मोजलंय.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? त्यांना अर्क चोळत असाल तर चोळा. पण आपल्या बहिणीच्या, यावाच्या पोरीला हगवण लागली तर तो पाजू नका. मीठ-साखरेचं पाणी द्या आणि दवाखाना गाठा. मागच्या वेळी तिला काय पाजलंस, हे तू अजून सांगितलेलं नाहीस.

तिन्ही नळ्या कागदावर राहतील. दारूची ओळ गाळण्यासाठी तू देऊ केलेले आठ हजार सेदी मी मेहुण्याबरोबर परत पाठवले आहेत.

दोत्से