कागदाच्या कारखान्यात कापड

तीर्थस्वरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (माझा गुडघा आता वळतो, तेव्हा हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.) तुमचा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे आणि, सांगायला हरकत नाही, जिंकले आहे.

हे गेल्यावर मी कॉलेजात नाव घातलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पदवीला आता एकच विषय उरला होता, चिकित्सक विचार. त्यात नापास म्हणजे तीन वर्षं पाण्यात. शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘मुद्देसूद’ म्हणतात, कारण ते उत्तर वाचत नाहीत, मुद्दे मोजतात. (माणूस वाईट नाही. एवढ्या ढिगाऱ्यापुढे कोण वाचत बसेल?) परीक्षेत प्रश्न आला: कागदाच्या कारखान्यात नवा व्यवस्थापक आला, उत्पादन वाढलं, तर श्रेय त्याचंच का? स्वतंत्र मत लिहा. हे स्वतंत्र मत सरांनी आदल्या मंगळवारी वर्गात लिहून दिलं होतं आणि मी नेमकी त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात! मग काय, माझ्यावर विचार करायची पाळी आली. हे छापखान्यातून वाया गेलेली पानं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले, आणि दर पानाला ह्यांचं एकच सांगणं, आधी हे कोण म्हणतंय ते बघ. म्हणून मी लिहिलं, उत्पादन मोजलं कोणी? व्यवस्थापकानंच मोजलं असेल, तर मी आधी गोदामात जाऊन बघेन. वीसपैकी चार गुण मिळाले. शेरा, ‘मुद्दे नाहीत.’

दोन दिवस मी तो शेराच वाचत बसले. तिसऱ्या दिवशी बाकावरच्या मुलीनं आपला पेपर माझ्यापुढे टाकला. “घ्या आजी, अठरा आहेत. मी काय लिहिलंय ते मलाही कळलेलं नाही.” वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिच्या कागदाच्या कारखान्यात कापड निघत होतं! मागच्या मुलाच्याही. मंगळवारी सरांनी उदाहरण कापडगिरणीचं दिलं होतं. अख्ख्या वर्गानं ते सुतासकट उतरवलं आणि सरांनी सुतासकट गुण दिले.

वर्गातून गोळा केलेले असे सात पेपर काखेत मारून मी प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले. सरही होते. म्हणाले, “आजी, तुमच्या उत्तरात एकही मुद्दा नाही हो.” म्हटलं, “नसेल सर, पण माझा कागद कागदच राहिलाय. ह्या सातांचा धुऊन वाळत घालता येईल.” बाईंनी सात वाचले, मग सरांकडे पाहिलं. सर इतके लाजले की मलाच त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली, तपासायला दुसऱ्या बाई. मला सोळा! (मुलं एक दिवस माझ्याशी बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलली, कारण प्रश्न कसा वाचायचा ते विचारायचं होतं.) आता सर काहीच लिहून देत नाहीत. परवा म्हणाले, आज फक्त शंका विचारा. दहा मिनिटांनी एकानं हात वर केला, “सर, शंका किती गुणांना?”

तुमची भावजय

ता. क. पदवीच्या समारंभाला घरचं एक माणूस नेता येतं. मी तुमचं नाव देऊन आले आहे, न विचारता.

ता. क. आणखी एक. हे गेल्यापासून तुम्ही माझ्या कशालाच नाव ठेवलेलं नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. इतकं गोड वागणं तुम्हाला शोभत नाही आणि मला सोसत नाही. या, आणि माझी साडी चुकली आहे म्हणून सगळ्यांदेखत सांगा.