बापूकाकांचा विसरलेला चष्मा

तीर्थस्वरूप बापूकाका,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन महिना झाला. पत्र लिहायचं मनात नव्हतं, पण काल तुमची शोकसभा झाली आणि माझं डोकंच फिरलं. वाचनालयाच्या मंडळाने आमचा गुरुवारचा बायकांचा वाचनवर्ग बंद केला. का, तर तुमचा मान राखायला! "ग्रंथपाल वाचायचे, बायका ऐकायच्या. आता वाचणार कोण?" असं अध्यक्ष म्हणाले आणि तुमच्या तसबिरीला हार घातला.

वाचायचे? तुम्ही? चार वर्षांत कधी दोन पानांपुढे गेलात? "अगो यमू, चष्मा घरीच राहिला बघ. एवढं जरा वाच," म्हणून पुस्तक माझ्या हातात. मग सखूच्या. नाटे गावची सखू, खलाशाची बायको, अक्षराखाली बोट धरून वाचायची. ती अडली की पुढचा शब्द तुम्ही सांगायचात, तोही चष्म्याशिवाय! आम्हाला कळत नव्हतं असं वाटलं? कोटाच्या खिशातून चष्म्याची काडी दिसायची. आम्ही गप्प राहायचो, कारण वाचायला मिळत होतं.

पण एक विचारते. मंडळाच्या अहवालात दर वेळी "ग्रंथपालांनी वाचून दाखवले" असं का लिहिलंत? बायका मोठ्याने वाचतात हे कळलं तर वर्ग मोडतील, म्हणून ना? काल अध्यक्षांनी तुमचीच ती ओळ वाचून वर्ग मोडला! आमच्या भल्यासाठी तुम्ही आम्हालाच खोडून टाकलंत. फार राग आलाय मला तुमचा.

मी सांगायला उठले, तर "बसा, बसा" झालं. बाहेर पडवीत सखू म्हणाली, "आमी काय निसत्या आयकत व्हताव?" नवऱ्याचं बोटीवरून आलेलं पत्र ती आता स्वतः वाचते. एका तरी भाषणात आलं का हे?

आपलं अर्धं राहिलेलं पुस्तक माझ्याकडेच आहे. खुणेचं आंब्याचं पान तुम्ही ठेवलंत तिथेच आहे. येत्या गुरुवारी तिथून पुढे वाचणार, आधी मी, मग सखू. दार लावलं तर पडवीत, पडवीतून उठवलं तर पायरीवर. आणि अध्यक्षांनाही बोलावणार.

तुमचा चष्मा काकूंकडून मागून आणलाय. तो सगळ्यांसमोर तुमच्या खुर्चीवर ठेवीन आणि सांगेन, हा कधीच घरी राहिला नव्हता.

तुमची वाचणारी,
यमुना