पाहणीआधी झाडलेली बाग

तीर्थस्वरूप मामांस,

पत्रानेच पाया पडतो. (प्रत्यक्ष पडायला सहा वर्षांत तुम्ही सापडला नाहीत.) तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला आता कसा आहे ते सविस्तर कळवावे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बाग मात्र नाही.

वादळाचं तुम्ही वाचलंच असेल. वीस मिनिटांत आपली लिंबाची बेचाळीस झाडं आडवी झाली. पुढे सरकारने मदत जाहीर केली आणि सोमवारी साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. साहेब येणार आणि बाग अशी पसरलेली, हे मला बरं दिसेना. आईबाबा मावशीचं उडालेलं छप्पर बसवायला गेले होते, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. चार दिवस खपून मी फांद्या तोडल्या, ओंडके रचले (लहान पुढे, मोठे मागे), मुळं उपटली, खड्डे बुजवले, जमीन सपाट केली आणि धूळ उडू नये म्हणून वरून पाणी शिंपडलं.

साहेबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. म्हणाले, "जागा झकास ठेवलीय. नुकसान कुठंय?" मी राशीकडे बोट दाखवलं. "अहो, हे सरपण आहे!" मग त्यांनी कागदावर लिहिलं: उभी झाडं शून्य, पडलेली झाडं शून्य. तपासून पाहिलं तर दोन्ही बरोबर होतं, म्हणून मी खाली सहीही केली. (शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने काडीही हलवली नव्हती. त्याचा दोन वर्षांपूर्वी पडलेला गोठासुद्धा साहेबांनी हळहळत लिहून घेतला.) बाबा परत आले, जमिनीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "का रे, तुला बघायला येणार होते का?" मदत नाही तर रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर जमीन ट्रॅक्टरवाल्याला भाड्याने द्यायची, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. तो तिथे ट्रॅक्टर उभे करणार आहे.

मामा, तुम्ही आमच्याकडे राहायला होतात तेव्हा तुम्हीच लावलेली ती बाग. शाळा माझी आठवीत सुटली, पण सात सक बेचाळीस मी जन्मात विसरणार नाही, कारण सहा रांगा आणि रांगेत सात झाडं. तिसरी रांग वाकडी आली. आई सांगते की दोरीचं दुसरं टोक नव्या नवरीच्या, म्हणजे मामींच्या, हातात होतं आणि तुम्ही दोरीकडे बघतच नव्हतात. दुपारी आई जेवायला हाका मारून दमायची आणि तुम्ही आतून "आलो, आलो" म्हणत तिथेच पडून राहायचात. पान चुरगळलं की हाताला संध्याकाळपर्यंत वास राहायचा. आता सकाळी दार उघडलं की थेट रस्ता दिसतो. पूर्वी रस्ता नुसता ऐकू यायचा.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. साहेब मनाने चांगले आहेत. बाग होती असं दाखवणारा जुना फोटो शुक्रवारपर्यंत दिला तर ते शून्य खोडायला तयार आहेत. तुमच्या लग्नानंतर बागेत काढलेला फोटो तुमच्याकडे आहे. पोस्टाचा भरवसा नाही, तरी स्वतः घेऊन यावे.

ता. क. दुसरा. तोच फोटो आमच्या कपाटातही आहे. काल साहेबांना दिला आणि मदत मंजूरही झाली. वरचा फोटोचा मजकूर आईने सांगून लिहून घेतला. ती म्हणाली, "नुसतं ये म्हटलं तर तो येत नाही, काहीतरी काम सांग." मला खोटं पाठवणं जमत नाही.

ता. क. तिसरा. (हे आईला माहीत नाही.) रोपं मंगळवारी येताहेत. खड्डे मी इतके नीट बुजवलेत की कुठलं झाड कुठे होतं ते आता मलाच सापडत नाही. बाबा म्हणतात, कुठेही लाव. मामा, मला कुठेही लावायची नाहीत. सोमवारी या.